रिफर्बिश्ड स्टीम डेक आणि शहाद्याचा मे महिना

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा चोपड्याचा. ठिबकच्या कंपनीत फील्डवर आहे, त्यामुळे सध्या शहाद्यात खोली घेऊन राहतो. शनिवारी शिरपूरमार्गे एसटीने घरी जातो. धुळ्याला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या सेलमध्ये बरेच गेम घेऊन ठेवले होते. लॅपटॉप आता बहिणीला दिला, ते गेम तसेच पडून आहेत. मुंबईचा एक दुकानदार रिफर्बिश्ड स्टीम डेक (स्टीमचे गेम चालवणारं हातात धरायचं यंत्र), ६४ जीबी, २९,००० रुपयांना देतोय. दुकानाची तीन महिन्यांची वॉरंटी आहे. त्याच्याचकडे असूसचा तसाच आरओजी अलाय ४४,००० ला आहे, बिलासह. मी जास्त करून विचर ३, हेडीस, स्टारड्यू व्हॅली खेळतो, मित्रांसोबत कधीतरी जीटीए ऑनलाइन. खोलीत पंखा आणि कूलर आहे, एसी नाही. वडील म्हणतात, "लोकेस्नं जुनं कसाले लेवानं?" घ्यावा की नाही?
– एक वाचक, शहादा

उत्तर : भाऊ, तुम्ही खोलीत एसी नाही हे आपणहून लिहिलंत, त्यामुळे माझं अर्धं काम झालं. जळगावात दुरुस्तीच्या टेबलावर बसून मी जे पाहते, त्यावरूनच उत्तर देते. आपल्याकडे यंत्र घेताना प्रोसेसर कोणता हे सगळे विचारतात. मे महिन्यात ते कुठे ठेवणार आणि बिघडलं तर कोण उघडणार, हे फार थोडे विचारतात.

आधी ‘रिफर्बिश्ड’ म्हणजे काय ते स्पष्ट करून घेऊ. स्टीम डेक बनवणारी व्हॉल्व्ह कंपनी २०२३ पासून स्वतः रिफर्बिश्ड डेक विकते. परत आलेलं यंत्र कंपनीत शंभरावर चाचण्यांतून जातं आणि त्यावर नव्या डेकसारखीच एक वर्षाची वॉरंटी मिळते. पण व्हॉल्व्ह भारतात डेक विकतच नाही. मुंबईतला डेक बाहेरच्या देशातून कुणीतरी आणलेला आहे, आणि त्याला ‘रिफर्बिश्ड’ म्हणणारा तो दुकानदार आहे. पुसून, रिसेट मारून नव्या खोक्यात घातलेलं यंत्रही त्याच नावाने विकलं जातं. म्हणून त्याला सरळ विचारा : काय बदललं? बॅटरी, अंगठ्याने फिरवायची स्टिक, पंखा, एसएसडी (गेम साठवायचा वेगवान भाग) यांपैकी काय? ‘सगळं चेक केलंय’ हे उत्तर धरू नका. बदललेल्या भागाचं नाव बिलावर लिहून मागा. ज्याने खरंच काम केलं असेल त्याला ते लिहायला अडचण नसते.

६४ जीबीचं मॉडेल २०२२ च्या पहिल्या खेपेतलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओएलईडी पडद्याचा नवा डेक आला तेव्हा व्हॉल्व्हने ते बंद करायला घेतलं. म्हणजे तुम्हाला मिळणारं यंत्र आणि त्याची बॅटरी, दोन्हींचं वय झालेलं आहे. त्यातली ६४ जीबी साठवण ईएमएमसी प्रकारची, म्हणजे संथ. विचर ३ एकटाच पन्नास जीबीच्या आसपास जागा खातो. जीटीए तर त्यात मावणारच नाही. मायक्रोएसडी कार्ड चालतं, आणि हेडीस-स्टारड्यूला ते पुरतं. मोठ्या गेमसाठी मात्र आतली ईएमएमसी काढून २२३० मापाची एसएसडी बसवावी लागेल. ते काम अवघड नाही. फक्त मागचं झाकण उघडण्याआधी मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढायचं, नाहीतर झाकण उचलताना ते मधोमध मोडतं. कुणाकडूनही करून घेतलंत तरी समोर बसा आणि एवढं आठवणीने सांगा.

आता उन्हाळा. यावर मी जरा लांबण लावणार आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेची लाट आली होती, तेव्हा व्हॉल्व्हने जाहीरपणे सांगितलं की डेक ० ते ३५ अंश तापमानात नीट चालतो. आतली चिप १०० अंशांवर गेली की वेग कमी करते, १०५ ला यंत्र स्वतःहून बंद होतं. भाऊ, ३५ अंश म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात रात्री जेवणं होईपर्यंत पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीतली हवा असते. दुपारी जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकतो, शहादाही काही थंड हवेचं ठिकाण नाही. यंत्र लगेच मरत नाही. गेम अडखळतो, पंखा ओरडतो, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बॅटरी गरमीत शिजत राहते. लिथियमची बॅटरी गरम असताना पूर्ण भरून ठेवली की लवकर म्हातारी होते. फुगून आलेल्या बॅटऱ्या माझ्या टेबलावर उन्हाळ्यातच जास्त येतात.

डेकमध्ये यावर उपाय आहे, आणि मला तो याच कारणासाठी आवडतो. उजव्या बाजूचं तीन ठिपक्यांचं बटण दाबलं की कामगिरीचा भाग उघडतो. तिथे चिपला किती वॅट द्यायचे ते ठरवता येतं, जास्तीत जास्त १५. उन्हाळ्यात ८-९ वर आणा आणि फ्रेमचा वेग, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा, ४० किंवा ३० वर बांधा. हेडीस आणि स्टारड्यूला काहीच फरक जाणवणार नाही. विचर ३ ची चित्रं थोडी साधी करावी लागतील. सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोयही आता आली आहे, ती लावून टाका. गोधडीवर किंवा उशीवर ठेवून खेळू नका. हवा मागून आत जाते आणि वरून बाहेर पडते, मागची जाळी झाकली की सगळं व्यर्थ. कूलरच्या थेट झोतात बसू नका, ओली हवा यंत्रात ओढली जाते. आणि मोटरसायकलच्या डिकीत किंवा एसटीच्या खिडकीपाशी उन्हात बॅग ठेवायची सवय असेल, तर डेक त्या बॅगेत नको.

बॅटरी ४० वॉट-अवरची आहे. मोठा गेम पूर्ण जोरात चालवला तर दीड-दोन तास, हलका गेम वॅट बांधून चालवला तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. चार्जर ४५ वॉटचा यूएसबी-सी लागतो. मोबाइलच्या छोट्या चार्जरवर तो चढेल, पण खेळताना उतरतच राहील. वीज जाण्याची तुम्हाला सवय आहेच. इन्व्हर्टरवर डेकचा बोजा काहीच नाही, ही त्याची जमेची बाजू.

अलायचं बोलू. तो भारतात अधिकृतपणे विकला गेला आहे, २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना आला होता. बिल आहे म्हणजे असूसच्या सेवा केंद्रात निदान दाद मागता येते. ताकदही डेकपेक्षा जास्त. पण त्याचीही बॅटरी ४० वॉट-अवरचीच, आणि चिप जास्त वॅट मागते. पहिल्या अलायमध्ये उष्णतेने एसडी कार्डचा रीडर बिघडू शकतो, हे असूसनेच मान्य केलं होतं. खान्देशात मला ती गोष्ट बोचते. वर सात इंची पडद्यावर विंडोज चालवायचं : बोटाने बारीक बटणं दाबायची, मध्येच अपडेट. दिवसभर शेतं फिरून आलेल्या माणसाने रात्री अपडेट बघत बसू नये, असं मला मनापासून वाटतं. डेक झोपवला आणि उठवला की गेम जिथे सोडला तिथून चालू होतो. तासभराच्या खेळाला त्याची किंमत मोठी आहे.

जीटीएचं मात्र आधीच सांगते. एकट्याने खेळायची स्टोरी डेकवर चालेल, ऑनलाइन चालणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यात बॅटलआय ही फसवणूक रोखणारी प्रणाली आली, तेव्हापासून डेकवरून ऑनलाइन शिरता येत नाही. डेकवर विंडोज नसून लिनक्सवर बांधलेली स्टीमओएस चालते, म्हणून व्हॅलोरंटसारखे गेमही नाहीत. मित्रांबरोबरचा ‘कधीतरी’ जर दर रविवारचा असेल, तर डेक घेऊ नका. खरंच कधीतरी असेल, तर तुमच्या यादीतले बाकीचे तिन्ही गेम डेकवर उत्तम चालतात.

यंत्र बघायला स्वतः जा, किंवा दुकानदाराला व्हिडिओ कॉलवर माझ्या सांगण्याप्रमाणे करायला लावा. आधी मागचे आठ स्क्रू बघा. या मॉडेलमध्ये स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये बसतात, त्यामुळे यंत्र बेफिकिरीने उघडलेलं असेल तर स्क्रूची डोकी घासलेली किंवा एखादा नुसताच फिरणारा दिसेल. मग डेस्कटॉप मोड उघडून इन्फो सेंटरमध्ये बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता विचारा. ८५ टक्क्यांच्या खाली असेल तर मी घेणार नाही, कारण ही बॅटरी गोंदाने घट्ट चिकटवलेली असते आणि ती काढणं कुणाही नवख्याचं काम नाही. सेटिंगमधल्या कंट्रोलरच्या चाचणीत दोन्ही स्टिक सोडून द्या. ठिपका मधोमध स्थिर राहिला पाहिजे. मागची चार बटणं लोक तपासायला विसरतात, ती दाबून बघा. मग मोठा गेम अर्धा तास सलग चालवायला सांगा आणि पंख्याचा आवाज ऐका. अर्धा तास द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊच नका.

स्टिक बिघडली तर ती बदलता येते, घाबरू नका. फक्त या डेकमध्ये दोन वेगवेगळ्या प्रकारचे स्टिकचे सुटे भाग येतात आणि एकाचा दुसऱ्याला चालत नाही. आधी उघडून प्रकार बघायचा, मग मागवायचा. जळगावात गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल-लॅपटॉपचे हात बसलेले कारागीर आहेत, पण डेकचे भाग दुकानात पडून नसतात, मागवावेच लागतात. त्यात दिवस जातात आणि पैसेही.

म्हणून माझं म्हणणं असं : २९,००० ला आणि तीन महिन्यांच्या तोंडी वॉरंटीवर हा सौदा करू नका. २४-२५ हजारांपर्यंत येत असेल, बिलावर अनुक्रमांक आणि बदललेले भाग लिहून मिळत असतील, बॅटरी आणि स्टिक वर सांगितल्याप्रमाणे निघाल्या, तर जरूर घ्या. उरलेले चार-पाच हजार एसएसडीसाठी आणि पुढच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. त्यात बसत नसेल तर मेमध्ये नका घेऊ, पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा बघा. तोवर तुमचे गेम स्टीमवर कुठे जात नाहीत.

वडिलांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्या, तो योग्य आहे. लोकांचं जुनं घेताना आपण त्यांनी ते कसं वापरलं याचाही हिशोब घेतो. जुना ट्रॅक्टर घेताना ते इंजिन चालू करून ऐकतात, तेल बघतात, कागद बघतात. मुंबईला जाताना त्यांना सोबत न्या. तुम्ही पडद्याकडे बघाल तेव्हा ते दुकानदाराकडे बघतील. आणि कंपनीचं काम यावर होईल का असं त्यांनी विचारलं, तर खरं सांगा : टीव्हीला आणि कीबोर्डला जोडून पत्र लिहिणं, तक्ते करणं जमतं, पण तुमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं असेल तर ते डेकवर चालेलच असं धरू नका.