नवा लॅपटॉप थांबू द्या, आधी जुन्यात एसएसडी टाका

प्रश्न कराड तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्या गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतात. 2018 साली घेतलेला लॅपटॉप आता सुरू व्हायलाच सहा-सात मिनिटं घेतो, ब्राउझर उघडताना अडकतो आणि समोर दाखल्यासाठी माणसं ताटकळतात. दुकानदार म्हणतो, नवा घ्या: रोख 52,000 किंवा ‘नो कॉस्ट ईएमआय’वर 54,990, बारा हप्ते. भाचा म्हणतो, हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसव. 500 जीबीच्या एसएसडीचे 4,800, बसवण्याचे 500 आणि वाटल्यास 8 जीबी रॅमचे (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) 4,500 असा भाव त्यांनी काढला आहे. बचत खात्यात 61,000 आहेत, घरखर्च महिन्याला 14,000 आणि केंद्रातून हातात साधारण 18,000 पडतात.

ताई, तुमचा भाचा बरोबर सांगतोय. पण तो सांगतो म्हणून नव्हे, तर तुम्ही पत्रात लिहिलेल्या एका ओळीमुळे मी हे म्हणतोय. ‘टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत 100 टक्के आणि प्रोसेसर 15 टक्क्यांच्या आत.’ टास्क मॅनेजर म्हणजे कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारा विंडोजमधला तक्ता. तो सांगतोय की लॅपटॉपचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, रिकामा बसून डिस्कची वाट पाहतोय. लॅपटॉपमधली नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला 5,400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90. हवी ती माहिती वाचायला चकती फिरून तिथं यावी लागते आणि वाचणारा काटाही सरकावा लागतो. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेल्या बारीक फायली ती सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचू शकते. विंडोज सुरू होताना अशा हजारो फायली लागतात. एसएसडीत फिरणारं काही नसतंच, ती अशा हजारो फायली एका सेकंदात वाचते. तुमचं दुखणं नेमकं इथं आहे आणि त्यावरचं औषध 5,300 रुपयांचं आहे.

आता पैशाकडे येऊ. नवा लॅपटॉप रोखीनं घेतलात तर खात्यात 9,000 उरतात. तुमच्या आईंची औषधं चालू आहेत असं तुम्ही लिहिलंय. महिनाभराचाही घरखर्च हाताशी नसताना मी कुणालाही यंत्र घ्या म्हणणार नाही, मग ते कितीही उपयोगाचं असो. आज तुमच्याकडे चार महिन्यांहून थोडी जास्त शिल्लक आहे. एसएसडी आणि रॅम दोन्ही घेतलेत तरी 51,200 उरतात, म्हणजे साडेतीन महिने निघतात. माझ्या दृष्टीनं निर्णय इथंच होतो.

‘नो कॉस्ट’ या शब्दावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण दर आठवड्याला कुणीतरी त्यात फसल्याचं पत्र येतं. रोखीचा भाव 52,000 आणि हप्त्यांची बेरीज 54,990. मधले 2,990 हे व्याजच आहे, फक्त त्याला तसं म्हटलेलं नाही. बँक त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लावते, ते सुमारे 540. तुमच्या कोटेशनमधलं प्रक्रिया शुल्क 199 आणि त्यावरचा कर मिळून 235. म्हणजे रोखीपेक्षा साधारण 3,760 जास्त. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते हे धरून हिशेब केला, तर व्याजदर वर्षाला 13 टक्क्यांच्या आसपास पडतो. शिवाय महिन्याला 4,583चा हप्ता. हातात येणाऱ्या 18,000तून घरखर्च गेला की उरतात 4,000, आणि त्यातूनच बचत गटाचे 1,600 जातात. हा हप्ता तुम्हाला झेपणारच नाही. एवढा हिशेब दुकानातही व्हायला हवा होता.

‘नवा घेतला तर 40 टक्के घसारा मिळून कर वाचेल’ असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. घसारा म्हणजे यंत्राची झीज म्हणून उत्पन्नातून वजा धरता येणारी रक्कम. संगणकावर तो 40 टक्के मिळतो हे खरं आहे. पण तुमचं वर्षाचं उत्पन्न दोन लाख सोळा हजार. नव्या करप्रणालीत पहिल्या चार लाखांवर करच नाही. जो कर भरायचाच नाही तो वाचणार कसा? जीएसटी नोंदणीही नाही, त्यामुळे बिलावरचा कर परत मिळण्याचा प्रश्न येत नाही.

एसएसडीचा खर्च भरून कधी निघेल? तुम्ही म्हणता रोज चाळीस मिनिटं वाट पाहण्यात जातात. महिन्याचे 26 दिवस, रोज आठ तास धरले तर तुमचा तास 86 रुपयांचा. म्हणजे महिन्याला दीड हजाराचा वेळ वाया जातोय. पण हा आकडा मी जसाच्या तसा धरणार नाही. दहावी-बारावीच्या निकालानंतर उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर यांची गर्दी असते, मग पीक विम्याची. तेव्हा वाचलेलं प्रत्येक मिनिट म्हणजे पुढचा अर्ज. दिवाळीनंतरच्या सुन्या दुपारी वाचलेल्या मिनिटांचे पैसे होत नाहीत. म्हणून निम्माच धरा. तरी 5,300 सात महिन्यांत वसूल होतात.

रॅमचं मात्र लगेच ठरवू नका. 2025च्या अखेरीपासून मेमरी चिपच्या किमती बऱ्याच चढल्या आहेत, तुम्हाला मिळालेला भाव त्याचाच आहे. तुमच्याकडे 4 जीबी आहे, ती अपुरी पडते हे खरं. रॅम भरली की विंडोज डिस्कच रॅमसारखी वापरतं, डिस्क 100 टक्के दिसण्यामागे तेही असेल. पण एसएसडीवर हीच अडचण खूप सौम्य होते. पंधरा दिवस वापरून पाहा, गर्दीच्या वेळी अडखळला तरच घ्या. पुढेमागे हा लॅपटॉप गेला तरी एसएसडी काढून केसिंगमध्ये घालून वापरता येते. रॅम नव्या यंत्रात बहुधा बसणारही नाही.

तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर माझं उत्तर बदललं असतं का? हो. विंडोज 10चे नियमित सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025ला थांबले. तुमच्या टेबलावर लोकांचे आधार आणि बँक पासबुक येतात, तेव्हा विंडोज 11 हवंच. ते इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे अधिकृतपणे चालतं आणि तुमचा आय5-8250यू आठव्या पिढीचाच आहे. सातव्या पिढीचा असता, किंवा बिजागरी मोडून पडदा लोंबत असता, तर मी त्यात पाच हजार घाला म्हटलं नसतं.

दुकानात एक गोष्ट ठामपणे सांगा: विंडोजचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. लॅपटॉपसोबत आलेला परवाना मुख्यतः मदरबोर्डला जोडलेला असतो, डिस्क बदलली तरी तो राहतो आणि 11वर जाणंही मोफत आहे. साधी 2.5 इंची ‘साटा’ प्रकारची एसएसडी पुरे, ती जुन्या हार्ड डिस्कच्याच जागी बसते. ‘एनव्हीएमई’ या दुसऱ्या प्रकारच्या एसएसडीचा जास्त वेग दाखले काढताना तुम्हाला जाणवणार नाही. अनोळखी नावाची ‘1 टीबी स्वस्तात’ घेऊ नका. पक्क्या बिलावर अनुक्रमांक लिहून घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी पंचाईत होते.

जुनी डिस्क दुकानात ठेवून येऊ नका, दोन-तीनशे रुपये देतो म्हणाले तरीही. तिच्यावर गावातल्या लोकांची कागदपत्रं आहेत आणि साधं फॉरमॅट केल्यानं ती पुसली जात नाहीत, सहज परत मिळवता येतात. ती घरी आणा, काम झालेले स्कॅन काढून टाका आणि तुमच्या हिशेबाच्या बॅकअपला वापरा. एसएसडी जाते तेव्हा बऱ्याचदा आधी कुरकुरतही नाही, एकदम बंद पडते. म्हणून हा बॅकअप दर शनिवारी घ्या.

नवा लॅपटॉप कधीतरी लागणारच. बचत गटाचा हप्ता ऑगस्टमध्ये संपतोय. सप्टेंबरपासून तेच 1,600 रुपये बँकेच्या आवर्ती ठेवीत वळवा. तीस महिन्यांत 48,000 आणि वर व्याज जमेल. तेव्हा दुकानात रोखीचा भाव विचारायला जा.

दहावी-बारावीचे निकाल लागायच्या आत या कामाला एखादा रविवार काढा. सोमवारी केंद्र उघडण्याआधी बोटांचे ठसे घेणारं यंत्र, प्रिंटर आणि डिजिटल सहीचा टोकन नव्या विंडोजवर चालतात का ते एकदा तपासून घ्या. त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे ती यंत्रं विंडोजला जोडणारी सॉफ्टवेअर, बसवायला अर्धा दिवस लागू शकतो.