ओढ्यातून आणलेले नखाएवढे मासे ॲक्वापोनिक्समध्ये रोज मरताहेत, त्यांना खायला काय द्यावं?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: गिरणाऱ्याजवळच्या ओढ्यातून ओढणीने साठ-सत्तर बारीक मासे धरून आणलेत, कुठल्या जातीचे ते माहीत नाही. गच्चीवरच्या ५०० लिटरच्या टाकीत सोडलेत, जिचं पाणी पंपाने खडीच्या वाफ्यातल्या रोपांना जाऊन परत टाकीत येतं (हेच ॲक्वापोनिक्स). पेलेट (माशांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) कुटून टाकता, ते ढुंकूनही बघत नाहीत, आणि रोज सकाळी चार-पाच मेलेले सापडतात.

आधी जे उरलेत ते त्या टाकीतून बाहेर काढा. आजच. खायला काय द्यायचं ते त्यानंतर.

मखमलाबादला माझ्या गच्चीवर हाच उद्योग मी दोन पावसाळे केलाय आणि पहिल्या पावसाळ्यात तुमच्यासारखाच आपटलोय. टाकीचं पाणी काचेसारखं दिसतंय म्हणजे मासे सुखात असणार, असं मला वाटायचं. पण एवढ्याशा पिल्लाला पाण्यात तरंगणारे, डोळ्याला जेमतेम दिसणारे जीव खायला लागतात, आणि आपला खडीचा वाफा नेमके तेच गाळून घेतो. ओढ्यात ते पिल्लू दिवसभर चरत असतं. तुमच्या टाकीत ते रिकाम्या ताटावर बसलंय.

शिवाय पंप. सेंटीमीटरभर मासा पंपाच्या जाळीतून सहज ओढला जातो. माझे वीसेक मासे असे नाहीसे झाले तेव्हा मी शेजारच्या मांजरावर आळ घेतला होता. महिन्याभराने वाफ्यातला पुदिना उपटला, तर पाणी परत टाकीत सोडणाऱ्या सायफनच्या नळीपाशी जे बोटभर पाणी कायम साचून राहतं, त्यात खडीच्या फटीतून एक मासा मजेत फिरत होता. बाकीचे पुदिन्याच्या पोटात गेले म्हणायचे.

मेलेला मासा फेकण्याआधी पांढऱ्या वाटीत घेऊन बघा. डोकं मोठं आणि पोट पाठीला लागलेलं असेल तर उपासमार. पोट नीट भरलेलं असून मेला असेल आणि मरण्याआधी पाण्याच्या वर तोंड आणून उघडझाप करत होता, तर पाण्यावर संशय घ्या. कल्ले तपकिरी पडले असतील तर नायट्राइट वाढलंय असं समजायला हरकत नाही. अमोनिया आणि नायट्राइटचं टेस्ट किट आणाच, त्यावाचून सगळा अंदाजपंचे कारभार.

तुमची सिस्टीम किती जुनी ते लिहिलं नाहीये. माशांच्या घाणीतून होणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करणारे जिवाणू खडीवर बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आपल्याकडच्या थंडीत त्याहून जास्त. पीएचही (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) मोजा. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे जवळपास दहापट. त्यामुळे किटवर दोघांचा आकडा सारखा आला तरी नळाच्या पाण्यावरच्या शेजाऱ्याचे मासे जगतील आणि बोअरच्या जड पाण्यावरचे तुमचे मरतील. (खडी आपल्याकडची काळ्या दगडाची असेल तर ती पीएच चढवत नाही. शोभेला संगमरवराचे तुकडे टाकले असतील तर तेवढे काढा.) नळाचं पाणी वापरत असाल तर निदान २४ तास उघडं ठेवून, हवा मारून मगच वापरा.

आता पिल्लांचं घर. शंभरेक लिटरचा टब किंवा कापलेलं निळं पिंप घ्या. त्यात निम्मं तुमच्याच टाकीचं पाणी घाला. अमोनिया आणि नायट्राइट शून्याच्या आसपास असतील तरच हं, नाहीतर सगळं मुरवलेलं साधं पाणी. साधा स्पंज फिल्टर लावा आणि टब अर्धा सावलीत, अर्धा उन्हात ठेवा. आठवड्याभरात पाणी हिरवट होईल. होऊ द्या. घरचे नाक मुरडतील, तरी घासायला जाऊ नका. ॲक्वापोनिक्सच्या पाण्यात नायट्रेट आयतंच असतं, त्यामुळे हिरवं पाणी करायला वेगळं शेण-बिण घालावं लागत नाही. मोठ्या टाकीचा हा एक फायदा मात्र मान्य करायला हवा.

खाण्याचा हिशेब तोंडाच्या मापाने करायचा. पोहायला नुकतंच लागलेलं, जिऱ्याएवढं पिल्लू असेल तर इन्फुसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव. बरणीत ओढ्याचं किंवा जुन्या टाकीचं पाणी, त्यात कोबीचं एक पान किंवा मूठभर सुकं गवत. दोन दिवसांत पाणी दुधासारखं होतं आणि घाण वास सुटतो, तेव्हा घाबरून ओतून देऊ नका. तो जिवाणूंचा भर असतो. आणखी दोन-तीन दिवसांनी त्यांना खाणारे सूक्ष्म जीव वाढतात, पाणी निवळतं, वास जातो. बरणी उजेडात धरलीत तर धूळ हलल्यासारखं दिसतं. ते पाणी कपभर, दिवसातून तीन-चार वेळा टबात घालायचं.

तुमचे सेंटीमीटरचे आहेत म्हणजे ती पायरी बहुतेक ओलांडलीय. त्यांना आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) किंवा मोइना (गोड्या पाण्यातली पिसू). आर्टेमियाची अंडी मत्स्यालयाच्या दुकानात डबीत मिळतात, महाग असतात. लिटरभर पाण्यात साधारण २५ ग्रॅम जाडं मीठ, खालून जोरात हवा, २८ अंशांच्या आसपास तापमान, की २४ ते ३६ तासांत अर्ध्या मिलिमीटरचे केशरी ठिपके पोहायला लागतात. मलमलीतून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन घाला. अर्ध्या तासाने मोबाइलचा टॉर्च बाजूने मारून बघा. ज्याने खाल्लंय त्याचं पोट केशरी दिसतं, आणि हे दिसणं इतकं स्वच्छ असतं की कोण उपाशी राहिलं ते मोजता येतं. मला स्वतःला मोइना जास्त आवडतात. दुसऱ्या एका टबात हिरवं पाणी करून त्यात मूठभर सोडल्या की उबेत आठवड्याभरात भरून जातात, आणि उरल्या तरी मरून पाणी नासवत नाहीत.

अंड्याचा बलक घाला असं कुणीतरी सांगेलच. मी घातलाय. चण्याएवढा बलक मलमलीतून पिळला तरी संध्याकाळपर्यंत टबाच्या तळाशी पांढरी साय धरली होती. अगदी अडलं तरच, आणि तेही तासाभरात तळ शोषून काढणार असाल तर.

डासांच्या अळ्या उत्तम खाद्य आहे, पण त्या गच्चीवर मुद्दाम पोसू नका. कडक उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि डेंग्यू घरात आला की माशांचं कौतुक संपतं. मोइनाच्या टबावर मच्छरदाणी ताणून बांधा.

एकदम ढीगभर घालण्यापेक्षा थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा द्या. रोहूच्या कुळातल्या माशांना जठरच नसतं, खाल्लेलं साठवून ठेवायची सोय नाही. नोकरीमुळे जमत नसेल तर टब हिरवा ठेवणं आणि त्यातच मोइना सोडून ठेवणं हाच उपाय. दोन आठवड्यांनी जिवंत खाद्याबरोबर शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समसमान, वस्त्रगाळ करून, चिमूटभर सुरू करा. मत्स्यशेतीत रोहू-कटल्याच्या पिल्लांना पूर्वापार हेच देतात. मग हळूहळू कुटलेली पेलेट. जंगली मासा पेलेटला खाणं मानायलाच तीन-चार आठवडे घेतो, रोज एकाच वेळी टबावर टिचकी मारून घातलं तर जरा लवकर.

आणलेत काय ते बघायचं राहिलं. ओढ्यातलं बी, म्हणजे माशांची पिल्लं, मिसळीचं असतं. रोहू, कटला, मृगळ यांचं जिरं (अगदी बारीक पिल्लं) एके काळी नद्यांतूनच गोळा करत, आणि त्यात शिकारी माशांची पिल्लं हमखास येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुलला हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी संप्रेरक टोचून या माशांची वीण घडवली, तेव्हापासून निवडक बी मिळायची वाट मोकळी झाली. तुमच्या ओढणीत मात्र आजही १९५७ च्या आधीचाच कारभार आहे. लालसर-केशरी पिल्लांचा गठ्ठा एकत्र फिरताना दिसला असेल तर ती मरळ. मी सुंदर दिसली म्हणून बारा आणली होती. बोटाच्या पेराएवढी झाल्यावर त्यांनी टब साफ केला, मग एकमेकांना. मोठी-लहान दर आठवड्याला वेगळी करा, पोह्यांची चाळणी चालते. चतुराची अळीही शोधा: चपटी, मातकट, तळाशी काडीसारखी निपचित. मासा जवळून गेला की तिचा खालचा ओठ दुमडलेल्या हातासारखा फटकन बाहेर येतो. एकच अळी रोज दोन-तीन पिल्लं उचलते, आणि आपण पीएचच्या नावाने बोटं मोडत बसतो.

महिनाभर तरी ही मंडळी मोठ्या टाकीपासून वेगळीच ठेवा, कारण ओढ्यातून माशांच्या उवा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग दोन्ही येऊ शकतात. टबात लिटरला २-३ ग्रॅम मीठ चालतं, वाफ्याला जोडलेल्या टाकीत नको. तांब्याची औषधं तर तिकडे मुळीच नकोत.

आणि रोपांचं. पालेभाजीच्या एका चौरस मीटरला दिवसाला साधारण ४०-५० ग्रॅम खाद्य माशांच्या पोटातून जावं लागतं. तुमचे साठ मासे मिळून जेमतेम ग्रॅमभर भरतील, शरीराच्या दहा टक्के खाल्लं तरी ग्रॅमचा दहावा भाग. पालक पिवळा पडणारच. तोवर मोठ्या टाकीत चार इंची ओळखीचे मासे आणून सोडा. ओढ्यातले दीड-दोन इंचांचे झाले, पेलेट खाऊ लागले, की पंपाला बारीक जाळी बांधून मग तिकडे न्या.

पुढच्या वेळी धरणात जाळं टाकण्याआधी विचारून घ्या, मासेमारीचे ठेके बहुतेक सोसायट्यांकडे असतात. नांदूर मध्यमेश्वरला तर अभयारण्य आहे, तिथे जाऊच नका. नकोसे झालेले मासेही परत ओढ्यात सोडू नका, त्यांच्याबरोबर टाकीतले रोग जातात.

पुदिन्याखाली सापडलेला तो मासा अजून आहे. दोन वर्षं झाली, पेलेटला तोंड लावत नाही. पाण्यावर डास पडला की मात्र सगळ्यांच्या आधी पोचतो.