पेडल बिघडलंय की वायर? गिटारवाल्यांचे प्रश्न

लग्नसराई संपली, कानबाईचे कार्यक्रम अजून लागायचेत, त्यामुळे सगळे आपापले पेडलबोर्ड उघडून बसलेत असं दिसतंय. यावेळी बहुतेक मेसेज पेडलचेच आहेत, म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये जोडायचे, पायाने दाबून आवाज बदलणारे छोटे डबे. सारखेसारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत.

प्रश्न (अमळनेर): दादा, मी कॉलेजला आहे. ट्यूनर, वाह, डिस्टॉर्शन, कोरस, डिले, रिव्हर्ब अशी सहा पेडल झालीत, जसजशी घेतली तसतशी जोडत गेलो. डिले आधी घेतला म्हणून तो डिस्टॉर्शनच्या आधी आहे. दोन्ही चालू केले की नुसता कालवा होतो, कॉर्ड कोणती ते कळतच नाही. डिस्टॉर्शन खराब आलंय का?

पेडल चांगलंय रे, फक्त जागा चुकलीय. डिस्टॉर्शन आवाजाचा शेंडा कापतं, आणि कापता कापता मोठा आवाज आणि बारीक आवाज जवळजवळ एका पातळीवर आणून ठेवतं. डिले म्हणजे वाजवलेलं थोड्या वेळाने परत परत ऐकवणारं पेडल, त्याला पाहिजे नेमकं उलटं, त्याचा प्रत्येक रिपीट आधीच्यापेक्षा बारीक झाला तरच तो लांब जातोय असं वाटतं. तू डिले आधी लावलास म्हणजे ते बारीक होत जाणारे रिपीट डिस्टॉर्शनमध्ये शिरतात आणि सगळे सारखेच मोठे होऊन बाहेर येतात. शिवाय G कॉर्डची शेपटी अजून वाजतेय तोवर तू D धरलेला असतो, मग दोन्ही एकत्र कापले जातात आणि त्यातून G मध्येही नाहीत आणि D मध्येही नाहीत असे भलतेच सूर तयार होतात. तुला जो कालवा ऐकू येतोय तो हाच.

तर असं लाव: गिटार, मग ट्यूनर, वाह, डिस्टॉर्शन, कोरस, डिले, रिव्हर्ब आणि शेवटी अ‍ॅम्प. ट्यूनर पहिला कारण त्याला स्वच्छ सूर लागतो, आणि रिव्हर्ब शेवटी कारण रिव्हर्ब म्हणजे खोली, आधी वाजतं आणि मग खोलीत घुमतं. वाह (पायाने पुढे-मागे हलवून 'वा-वा' आवाज काढायचं पेडल) मात्र दोन्हीकडे चालतो, डिस्टॉर्शनच्या आधी ठेवलास तर बोलल्यासारखा वाटतो, नंतर ठेवलास तर एकदम मोठी झाडू फिरवल्यासारखा. मला आधीचा आवडतो. एक दुपार काढ, एकच कॉर्ड वाजव, दोनच पेडल घे आणि अदलाबदल करून ऐक, त्याने जेवढं कळेल तेवढं दहा व्हिडिओ बघून कळणार नाही.

एक अपवाद आत्ताच सांगून ठेवतो. पुढे कधी जुन्या पद्धतीचा फझ (डिस्टॉर्शनचाच एक प्रकार) घेतलास, म्हणजे लंडनला १९६६ मध्ये निघालेल्या फझ फेससारखा, तर तो सगळ्यात पहिला लावायचा, थेट गिटारला. त्याला पिकअप (तारांचा कंप पकडणारी गिटारवरची कॉइल) सरळ जोडलेला लागतो, मध्ये बफरवालं ट्यूनर, म्हणजे सिग्नलला जोर देऊन पुढे पाठवणारं सर्किट असलेलं, आलं की तो कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर जो गोड साफ आवाज निघतो तो जातो. आणि डिस्टॉर्शन पेडलऐवजी अ‍ॅम्पचाच गेन (आवाज फाटवणारा नॉब) वापरत असशील तर डिले-रिव्हर्ब अ‍ॅम्पच्या मागच्या सेंड-रिटर्न जॅकमध्ये (गेननंतरचा आवाज बाहेर काढून परत आत घ्यायची जागा) टाक, कारण तेच, कापणं आधी आणि घुमणं नंतर.

प्रश्न (पारोळा): भाऊ, आमचा ऑर्केस्ट्रा आहे, मी गिटार वाजवतो आणि गातो पण. घरी सगळं शांत, स्टेजवर गेलं की हमिंग आणि वरून बारीक शिट्टी. पाच पेडल एकाच अ‍ॅडॉप्टरवर आहेत. साऊंडवाला म्हणतो तुझं पेडल खराब, मी म्हणतो त्याची लाईन खराब. आणि मागच्या कार्यक्रमात माईकला ओठ लागला तर झटका बसला.

भाऊ, झटक्याचं आधी. हमिंगने कार्यक्रम बिघडतो, झटक्याने माणूस जातो. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस्ली हार्वे भर स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माईकला हात लावून शॉकने गेला. तुमच्या हातातल्या तारा पेडल आणि केबलमधून अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, माईकची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला. अ‍ॅम्प एका बोर्डवर, मिक्सर दुसऱ्या बोर्डवर, आणि त्यातल्या एकाचं अर्थिंग नुसतं नावाला असलं की या दोघांच्या मध्ये तुम्ही येता, हातातून शिरलेला करंट ओठातून निघतो. म्हणून अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डवरून घ्यायचे, जनरेटर असेल तर त्याची अर्थिंगची सळई जमिनीत खरंच ठोकलीय का हे डोळ्यांनी बघायचं, आणि कार्यक्रमाआधी इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला आणि एक माईकच्या जाळीला लावायला सांगायचं. आकडा शून्याच्या जवळच पाहिजे. मंडपाच्या बोर्डला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) असलाच पाहिजे असा आग्रह धरा, पार्टी मोठी असो की लहान. आणि हमिंग जातंय म्हणून तीन पिनच्या प्लगची जाड पिन काढून टाकणारे लोक मी पाहिलेत, ते कधीही करू नका आणि कोणाला करूही देऊ नका.

आता आवाज. हे दोन वेगळे आवाज आहेत आणि दोघांची कारणं पण वेगळी. बारीक शिट्टी बहुतेक तुमच्या डिजिटल डिलेची असणार, त्याच्या आत घड्याळासारखी चिप पळत असते आणि पाचही पेडल एकाच वायरवर असल्यामुळे तिची कुरकुर सप्लायमधून डिस्टॉर्शनमध्ये जाते, तिथे ती मोठी होते. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे डिस्टॉर्शनला एक ९ व्होल्टची बॅटरी लावा आणि त्याची अ‍ॅडॉप्टरची पिन काढा. शिट्टी गेली तर चोर सापडला, मग डिलेला वेगळा अ‍ॅडॉप्टर द्या किंवा आयसोलेटेड पॉवर सप्लाय घ्या, ज्याचं प्रत्येक आउटपुट खरंच वेगळं असतं. माझं ऐकाल तर सहावं पेडल घेण्याआधी हा सप्लाय घ्या. आणि बेरीज करा, प्रत्येक पेडलच्या मागे मिलिअँप लिहिलेले असतात, अ‍ॅनालॉग डिस्टॉर्शन थोडेच खातं पण डिजिटल पेडल शंभर-दोनशे-तीनशे पण खातात. अ‍ॅडॉप्टर ५०० चा आणि बेरीज ६०० ची झाली तर आवाज तर येणारच.

जाड हमिंग हे आपल्या ५० हर्ट्झच्या लाईनचं. गिटार वळवून उभं राहिल्यावर कमी-जास्त होत असेल तर ते सिंगल कॉइल पिकअप लाइटच्या डिमरमधून आणि ट्रान्सफॉर्मरमधून उचलतंय, दोन पावलं सरका. वळवूनही तसंच राहिलं तर गिटारची केबल काढून सरळ अ‍ॅम्पला लावा, पेडल सगळी बाजूला. शांत झालं? मग एकेक पेडल परत जोडत चला आणि प्रत्येक वेळी ऐका. ज्या पेडलला आवाज आला ते लगेच खराब ठरवू नका, आधी त्याच्या अलीकडची छोटी वायर बदला.

हे एवढ्या आग्रहाने सांगतोय कारण एका हळदीच्या कार्यक्रमात मी दोन तास कोरसला दोष देत बसलो होतो, तो काढला, परत लावला, शेवटी नवीन मागवायचं ठरवलं. घरी येऊन छोट्या वायरीचा प्लग उघडला तर आत जाळीच्या तारांपैकी दोनच तारा चिकटलेल्या, बाकीच्या सुटून हिरव्या पडलेल्या आणि सोल्डरचा गोळा नखाने हलत होता. ड्राय सोल्डर. सोल्डरिंग आयर्न तापवली, जुनं काढलं, तारा खरवडून परत जोडल्या, पाच मिनिटांचं काम. तो कोरस आजही माझ्या बोर्डवर आहे.

प्रश्न (भुसावळ): ओव्हरड्राइव्हचा (डिस्टॉर्शनसारखंच पेडल) अ‍ॅडॉप्टर हरवला म्हणून घरातल्या वायफाय राउटरचा लावला, त्याच्यावर पण ९ व्होल्टच लिहिलेलं होतं आणि पिन पण बसली. पेडल बंद पडलं, आता ओरिजिनल लावला तरी चालू होत नाही, बॅटरीवर पण नाही. आते काय करू भाऊ?

घाबरू नका, बहुतेक वेळा हे दुरुस्त होतं. व्होल्ट सारखे असले तरी दिशा उलटी होती. गिटारच्या बहुतेक पेडलला पिनच्या आतली बाजू मायनस लागते, राउटरच्या अ‍ॅडॉप्टरची आतली बाजू साधारण प्लस असते. दोन्हींवर गोल खूण छापलेली असते, मध्ये ठिपका आणि त्याला जोडलेला प्लस किंवा मायनस, ती बघितल्याशिवाय पिन घालायची नाही. कीबोर्डवाल्याचा अ‍ॅडॉप्टर पण तसाच, कित्येक कीबोर्डचे १२ व्होल्टचे आणि आत प्लस असतात, स्टेजवर घाईत तोच हाताला लागतो.

आत काय झालं असेल तर, पुष्कळ पेडलमध्ये सप्लायच्या तोंडाशीच एक संरक्षणाचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा पार्ट) उलटा लावलेला असतो. उलटा सप्लाय आला की तो सगळा करंट स्वतःवर घेतो आणि मरतो, मरताना बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो. म्हणूनच तुमचं पेडल आता बरोबर अ‍ॅडॉप्टरवर पण चालत नाही आणि बॅटरीवर पण नाही, सगळा सप्लाय त्या मेलेल्या डायोडमधूनच निघून जातोय. बॅटरी आणि अ‍ॅडॉप्टर दोन्ही काढा, टीव्ही-अ‍ॅम्प्लिफायर रिपेअर करणाऱ्याकडे जा, पॉवरच्या जॅकवर मल्टिमीटरने दोन्ही बाजूंनी बीप येतोय का ते बघायला सांगा. आला तर डायोड बदला, वन एन फोर थाउजंड वन कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांत मिळतो. तो बदलूनही चालू झालं नाही तर आयसी बघावा लागेल. पण नवीन पेडल घ्यायच्या आधी हे करून बघाच.

प्रश्न (चोपडा): माझ्या मुलाच्या पेडलची बॅटरी रात्रीतून संपते. तो म्हणतो मी पेडल बंद करून झोपतो.

ताई, तो खरं बोलतोय. पायाने दाबायचं बटण बॅटरी बंद करत नाही, नुसता इफेक्ट बंद करतं. बॅटरीची मायनस इनपुटच्या जॅकमधून जोडली जाते, म्हणजे गिटारची वायर आत असली की पेडल चालूच. झोपताना ती वायर काढून ठेवायला सांगा, बस.

प्रश्न (शिरपूर): मी बँडमध्ये इलेक्ट्रिक बँजो वाजवतो, गाडीवर सेटअप असतो. गिटारचा डिले बँजोला चालेल का? वायर लांब घेतली, तेव्हापासून आवाज बोथट झालाय.

बिनधास्त लावा. पेडलला पुढे गिटार आहे की बँजो हे कळत नाही, पिकअपचा सिग्नल मिळाला की झालं. बोथटपणाचं कारण वायरच आहे, लांब वायर पिकअपच्या मागे जोडलेल्या कपॅसिटरसारखी वागते आणि वरचे सूर खाऊन टाकते, जेवढी लांब तेवढे जास्त. उपाय म्हणजे बफर. बँजोपासून बफरवाल्या पेडलपर्यंत दोन-तीन मीटरचीच वायर ठेवा, बफरपासून पुढे अ‍ॅम्पपर्यंत हवी तेवढी लांब चालेल. बरीच ट्यूनर पेडल बंद असतानाही बफरचं काम करतात, पण ट्रू बायपास लिहिलेलं असेल तर ते पेडल बंद असताना नुसती वायर असते, घेताना विचारा.

डिलेचा टाइम अंदाजाने लावू नका. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटाला किती ठेके त्याने) भागा, १२० च्या चालीला ५०० मिलिसेकंद येतात, तेवढा लावला की रिपीट बरोबर ठेक्यावर पडतो. जरा नाचरा पाहिजे असेल तर त्याचा पाऊण, म्हणजे ३७५. रिपीट दोनच ठेवा आणि मिक्स कमी, कारण वरातीत ढोल आणि पॅड इतकं दणकत असतं की जास्त डिले टाकला तर अहिराणी गाण्याची चाल लोकांपर्यंत पोचतच नाही, आणि लोक नाचतात ते त्या चालीवरच.

आणि पेडल गाडीच्या टपावर किंवा बंद डिकीत ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, बंद गाडीत त्याहून जास्त, वेल्क्रोचा गोंद पातळ होतो आणि वळणावर पेडल घसरून जॅकच मोडतो. कापडाखाली सावलीत ठेवा आणि पेडलमध्ये लावलेले प्लग प्रवासाआधी काढून घ्या.