वाचकांचे प्रश्न : इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं पहिल्या सेमिस्टरच्या मध्यावरची आहेत. बारावीत हुशार गणली गेलेली मुलं युनिट टेस्टनंतर गोंधळलेली दिसतात. निवडक पत्रांना ही उत्तरं.

सीईटीला गणितात चांगले गुण होते, पण एम-वनच्या (इंजिनीअरिंगच्या पहिल्या गणित विषयाच्या) युनिट टेस्टमध्ये ३० पैकी ९ मिळाले. पद्धत कळते, तरी गुण जातात. कुठे चुकतंय? (विद्यार्थी, जळगाव)

एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात आणि चुकलं तरी गुण कापले जात नाहीत. त्या तयारीत मधल्या पायऱ्या गाळायची सवय हाताला लागते. इथे गुण त्या पायऱ्यांनाच आहेत. मॅट्रिक्सची रँक (एकमेकींपासून स्वतंत्र ओळींची संख्या) काढताना कोणत्या ओळीतून कोणती ओळ किती पटीने वजा केली, हे प्रत्येक वेळी बाजूला लिही. शेवटचा आकडा चुकला तरी परीक्षक तिथपर्यंतचे गुण देऊ शकतो.

आयगेन व्हॅल्यू (मॅट्रिक्स काही खास व्हेक्टरना जितक्या पटीने ताणते त्या संख्या) काढल्या की दोन गोष्टी पडताळ: त्यांची बेरीज मुख्य कर्णावरच्या संख्यांच्या बेरजेइतकी हवी आणि गुणाकार डिटरमिनंटइतका. हे जुळत नसेल तर पुढे जाऊ नकोस. आयगेन व्हेक्टर काढताना सगळे घटक शून्यच येत असतील तर व्हॅल्यू तरी चुकली आहे, नाहीतर समीकरण मांडताना चिन्ह.

कॅल्क्युलेटरचा मोडही बघ. एम-वनमध्ये तो बहुधा रेडियनवर असतो, तसाच मेकॅनिक्सच्या पेपरला उचलून नेला जातो आणि साइन ३० चं उत्तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ येतं. लामीच्या प्रमेयावरचं (तीन बलांच्या समतोलाचं) सोपं गणित अशा वेळी पहिल्याच ओळीत बिघडतं.

आठवड्याला जुन्या पेपरातले तीन प्रश्न पुस्तक मिटून, घड्याळ लावून, पूर्ण लिहून सोडव. व्हिडिओ पाहून ‘समजलं’ वाटणं यात धरायचं नाही.

ग्राफिक्समध्ये फळ्यावरचं कळतं, पण प्लेन्सचं प्रोजेक्शन (सपाट आकृती तिरकी धरली की वरून-समोरून कशी दिसते ते काढणं) तिसऱ्या टप्प्यात हमखास फसतं. क्लास लावू का? (विद्यार्थिनी, नांदेड)

आधी चूक कोणत्या टप्प्यात आहे ते शोधू. तिसऱ्या टप्प्यात दिसणारी चूक बऱ्याचदा पहिल्यात झालेली असते.

आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत आहे: फ्रंट व्ह्यू (समोरून दिसणारं चित्र) एक्सवाय रेषेच्या वर, टॉप व्ह्यू (वरून दिसणारं) खाली. आडवं प्रतल म्हणजे एचपी, उभं म्हणजे व्हीपी आणि दोन्ही जिथे मिळतात ती एक्सवाय रेषा. ३० मिमी बाजूची पंचकोनी पट्टी एका बाजूवर एचपीवर टेकली आहे आणि एचपीशी ४५ अंश करते, असं समज. पहिल्या टप्प्यात ती एचपीवर आडवी धरायची. टॉप व्ह्यू खऱ्या आकाराचा पंचकोन, फ्रंट व्ह्यू एक्सवायवर नुसती रेषा. जी बाजू टेकणार आहे ती टॉप व्ह्यूमध्ये एक्सवायला काटकोनात हवी. बहुतेक शीट इथेच बिघडतात, कारण पंचकोन काढताना सोयीची म्हणून खालची बाजू आडवी ठेवली जाते. दुसऱ्या टप्प्यात ती रेषा ४५ अंशांत उचलायची, तिच्यावरून उभ्या रेषा खाली आणि जुन्या टॉप व्ह्यूवरून आडव्या रेषा उजवीकडे न्यायच्या. तिसऱ्यात हा नवा टॉप व्ह्यू जसाच्या तसा फिरवायचा. त्याचा आकार आता बदलत नाही, फक्त दिशा बदलते.

खरी मेख प्रश्नाच्या वाक्यात असते. वर्तुळाकार पट्टी घे. ‘व्यासाचा टॉप व्ह्यू व्हीपीशी ३० अंश करतो’ असं असेल तर सरळ ३० अंशांत फिरव. ‘व्यास व्हीपीशी ३० अंश करतो’ असं असेल तर तसं करता येत नाही, कारण व्यास एचपीशी आधीच तिरका आहे आणि टॉप व्ह्यूमध्ये आखूड दिसतो. ५० मिमी व्यासाचं वर्तुळ एचपीशी ४५ अंशांत असेल तर तो व्यास टॉप व्ह्यूमध्ये साधारण ३५.४ मिमी भरतो. आता एका बिंदूतून ५० मिमीची रेषा एक्सवायशी ३० अंशांत काढ, तिच्या टोकातून एक्सवायला समांतर रेषा ओढ आणि त्याच बिंदूतून ३५.४ मिमीचा कंस त्या समांतर रेषेवर छेद. मिळणारा कोन ४५ अंश येतो, ३० नाही. हे एकदा हाताने केलंस की पुन्हा गल्लत होणार नाही.

सहायक रेषा टूएच पेन्सिलीने फिकट, बाह्यरेषा एच पेन्सिलीने ठळक. ड्राफ्टर (बोर्डाला क्लॅम्पने लावायचं रेषा आखायचं साधन) लावल्यावर शीटच्या वर आणि खाली एकेक आडवी रेषा ओढून दोन्हींतलं अंतर डाव्या-उजव्या टोकांना मोज. ते सारखं नसेल तर क्लॅम्प सैल आहे. क्लासची घाई नको. आधी पुठ्ठ्याचा पंचकोन कापून टेबलावर एका बाजूवर तिरका उभा कर आणि वरून बघ.

वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब (धातूचे दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायचं काम) दोनदा परत आला. दोन तुकड्यांत फट राहते. (विद्यार्थी, सांगली)

फटीतून उजेड दिसला की जॉब परत येणारच. कारणं बहुधा तीन असतात. आखलेल्या रेषेवरच करवत चालवली असेल; रेषेच्या बाहेर साधारण एक मिमी माल ठेवून कापायचं आणि उरलेला कानशीने काढायचा. दुसरं, कानस पुढे नेताना झोके खात असेल, त्याने कडा मधे फुगते. कानस फक्त पुढे जाताना कापते, मागे आणताना दाब काढून घे. तिसरं, पहिल्या दोन कडा गुण्याने (काटकोन तपासायच्या हत्याराने) काटकोनात तपासण्याआधीच मार्किंग केलं असेल. मग सगळी मापं चुकीच्या कडेवरून घेतली जातात. हॅकसॉच्या पात्याचे दात पुढच्या दिशेला आहेत ना, तेही बघ. उलटं बसवलेलं पातं नुसतं घासत राहतं.

मुलगा रात्री दोन-दोनपर्यंत जर्नल उतरवत बसतो. एवढं लिखाण असतंच का? (पालक, सातारा)

लिखाण असतं, पण ते शेवटच्या आठवड्यात साचलं की रात्री जागाव्या लागतात. हेतू, आकृती आणि कृती प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी लिहून न्यायला सांगा. रीडिंग, गणन आणि आलेख त्याच दिवशी व्हावेत आणि पुढच्या प्रॅक्टिकलला सही घ्यावी. मित्राचं रीडिंग उतरवलेलं ओरलमध्ये लगेच उघडं पडतं. बाहेरचे परीक्षक आलेखाचा चढ काय दाखवतो एवढंच विचारतात.

मुलीचा एक विषय राहिला तर वर्ष वाया जातं का? (पालक, लातूर)

एका विषयाने सहसा नाही. एटीकेटीत (राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीत) पुढच्या वर्गात बसता येतं, मात्र किती विषय किंवा क्रेडिट राहिले तर चालतं हे विद्यापीठ आणि पॅटर्नप्रमाणे बदलतं. म्हणून मुलीच्या प्रवेशवर्षाचा परीक्षा नियम कॉलेजच्या परीक्षा विभागातून लेखी घ्या, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. निकाल लागताच उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. न तपासलेला प्रश्न किंवा बेरजेची चूक दिसली तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. या अर्जांची मुदत थोडी असते, तेव्हा निकालाच्या दिवशीच परिपत्रकातली तारीख पाहून ठेवा.