इराणी टाइल्सवरच्या दरबारी चित्रांत रंग एकमेकांत का मिसळत नाहीत?

कारण त्या काळ्या रेघा. इस्फहानमधल्या सतराव्या शतकातल्या सफवी (तेव्हाच्या इराणी राजघराण्याच्या काळातल्या) टाइल्स जवळून पाहा: प्रत्येक रंगाभोवती बारीक काळी कड दिसते. कारागीर मँगनीज तेलकट पदार्थात कालवून त्याने आधी चित्राची रेघ काढत आणि मधल्या जागांत रंगीत झिलई भरत. तेलकट रेघ झिलईला ओलांडू देत नाही. भट्टीत तेल जळून जातं, काळी कड मागे उरते. या पद्धतीला इराणमध्ये ‘हफ्त रंगी’, म्हणजे सात रंगांची, म्हणतात.

त्याआधी वेगवेगळ्या रंगांच्या टाइल्सचे तुकडे कापून नक्षी जुळवत. काम अप्रतिम, पण फार वेळखाऊ. सफवी राजा शाह अब्बासला नव्या राजधानीत, इस्फहानमध्ये, भराभर इमारती उभ्या करायच्या होत्या, तिथे हफ्त रंगी सोयीची पडली.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला अशा टाइल्सचा फलक जरूर बघा. बागेत रेलून बसलेली स्त्री मद्याचा पेला पुढे करते आहे, सेवक झाकलेली भांडी घेऊन उभे आहेत, आणि समोर गुडघे टेकलेला माणूस टोपी-झग्यावरून चक्क युरोपियन! कापडाच्या व्यापारासाठी तेव्हा युरोपियन इराणात येत. मला या फलकातला पिवळा रंग विलक्षण आवडतो; निळ्याशेजारी तो ऊन पडल्यासारखा दिसतो.