फ्लॅट कुठल्या गल्लीत घ्यायचा म्हणून दोन गल्ल्यांत अडकलायस ना, मग हे बघ

अरे दर सेम, एरिया सेम म्हणून कुठलीही गल्ली चालेल असं अजिबात नाहीये. पुण्यात सहकारनगर-अरण्येश्वर साइडला बघतोयस म्हणून सांगतो, 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा काठच्या सोसायट्यांतल्या गाड्या वाहून गेल्या, भिंती पडल्या, माणसं गेली, आणि चढावर राहणाऱ्यांना सकाळी बातम्यांतून कळलं. म्हणून भर पावसात एक चक्कर मारच, पाणी कुठे साचतं, पार्किंगच्या भिंतीवर ओलीची रेघ आहे का बघ, आणि एजंटला नको, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचार, त्याला सगळं ठाऊक असतं. नदीजवळचं असेल तर पूररेषा बघ, निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या.

मग रस्त्याची रुंदी, स्वतः टेप लावून मोज, लाजू नको. 9 मीटरपेक्षा कमी रस्त्याला टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचे विकत घेतलेले जादा बांधकामाचे हक्क, वापरता येत नाही, म्हणजे बिल्डिंग जुनी असेल तर उद्या रिडेव्हलपमेंटला बिल्डर नाक मुरडणार. उलट डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, रुंदीकरण दाखवलं असेल तर पुढचं कंपाउंड गेलंच समज, त्यामुळे टोकन द्यायच्या आधी महापालिकेतून झोन दाखला काढ.

रात्री साडेदहाला पण जाऊन ये, पार्किंगची खरी लायकी तेव्हाच कळते. आणि मंगल कार्यालयाच्या मागची गल्ली असेल तर नकोच बाबा, मी सात वर्षं काढलीयेत, लग्नसराईत स्वतःच्याच गेटात गाडी घालायला वऱ्हाड्यांच्या हातापाया पडावं लागायचं.