जुन्या नाट्यपदाचं नव्या वाद्यांवरचं कव्हर ऐकावं, की मूळच बरं?

ऐका की! १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी 'घेई छंद मकरंद' एकाच नाटकात दोन ढंगांत बांधलंय. नाटकातल्या पंडितजींचं संथ, सालगवराली रागातलं. त्यातल्याच खाँसाहेबांचं चपळ, धानी रागातलं. मग तिसऱ्या ढंगानं कुणाचं काय बिघडतं?

परवा ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या शेजारच्या पोरानं तेच पद गिटार आणि कहोनवर (वर बसून हातानं वाजवायचा लाकडी खोका) म्हटलं. नाट्यपदाच्या साथीला नेहमीचा ऑर्गन नाही म्हटल्यावर मी आधी नाकच मुरडलं. पण मुखड्यावर येताना त्यानं ठेका सोडला, नुसता आवाज ठेवला, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कहोनची एकच थाप! गडकरी रंगायतनात पहिल्या रांगेत बसल्यासारखं 'क्या बात है' निघून गेलं तोंडून. ताना मात्र पठ्ठ्यानं सगळ्या गाळल्या, ते खटकलं.